दिव्यावरची अक्षरे

वाचकहो, ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सर्वजण वापरतो. आज मी आपणांस दिव्याखालच्या अंधाराविषयी नव्हे, तर दिव्यावरच्या अक्षरांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. रस्त्यावरच्या खांबावरचा एखादा मोठा दिवा खाली उतरवला आणि त्याची मान फडक्याने पुसून पाहिली, तर तिथे बारीक अक्षरांत काही आकडे व खुणा छापलेल्या आढळतात. ७० वॅट, १२५ वॅट, २५० वॅट; ई २७, ई ४०; २००० के, ४००० के. वायरमनला त्यांतले एखाददुसरे अक्षर लागते, बाकीची तशीच राहतात. आणि गावासाठी दिवे मागवायचे झाले की आपला प्रश्न ठरलेला : “किती वॅटचा घ्यायचा?”

आता बघा, वॅट म्हणजे उजेड नव्हे. दिवा वीज किती खातो, ते वॅट सांगतो. उजेड किती देतो, ते सांगणारे माप निराळे आहे. त्याला ल्युमेन म्हणतात. बैल वैरण किती खातो हे एक, आणि दिवसाकाठी नांगरट किती करतो हे दुसरे. बाजारात बैल घेताना शेतकरी कधी नुसती वैरण विचारत नाही. दिवा घेताना मात्र आपण वर्षानुवर्षे नेमके तेच करीत आलो.

मी इतिहासाचा अध्यापक. दिव्याच्या बाबतीत याला काय कळते, असे आपणांस वाटेल. पण ही अक्षरे हासुद्धा एक शिलालेखच आहे. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे माणसाची शंभर-दीडशे वर्षांची खटपट आहे. आणि पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला वॅट या शब्दाचा इतिहास तर विसरताच येणार नाही.

तो इतिहास आहे मुळशीचा. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाची वीज मुंबईला मिळू लागली. पुढे टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायचे योजले. मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या एप्रिलात तिथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. मावळे तुरुंगात गेले, बापट तुरुंगात गेले; धरण मात्र झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना व दिव्यांना आणखी वीज मिळाली. स्वातंत्र्यानंतर कोयना झाली. तिथेही गावे उठली. म्हणून मी म्हणतो, की दिव्याने वाया घालवलेला प्रत्येक वॅट कुणाच्या तरी शेतातून आलेला असतो. कमी वॅटमध्ये जास्त उजेड कसा मिळेल, हा प्रश्न केवळ इंजिनिअरांच्या हौसेचा नव्हे. तो न्यायाचाही आहे.

आता मूळ कथेकडे वळू. साधा बल्ब आपणां सर्वांच्या परिचयाचा. त्यात धातूची बारीक तार तापून लाल-पिवळी होते आणि उजेड पडतो. पण तिने घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. १०० वॅटचा असा बल्ब सुमारे १३०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे वॅटमागे तेरा. हे उत्पन्न फारच थोडे. तारेवाचून उजेड करता येईल काय, हा विचार मात्र तारेच्या बल्बाहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने मोठी बॅटरी घेऊन कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवली. ही ज्योत कमानीसारखी वाकते, म्हणून तिला आर्क म्हणजे कमान हे नाव मिळाले. १८७६ साली याब्लोच्कोव्ह या रशियन इंजिनिअराने याच तत्त्वावर विजेची मेणबत्ती केली, आणि १८७८ साली पॅरिसचा एक हमरस्ता तिने उजळून निघाला. मुंबईत तोवर गॅसच्या बत्त्या होत्या, त्या १८६५ पासून. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचा उजेड पडला.

कोळशाची ही ज्योत आपल्यापैकी वयस्कांनी पाहिलेली आहे, फक्त ओळखलेली नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ इथेच तयार झाला आणि गावोगाव गेला. जत्रेतल्या तंबूत तो पडद्यावर दिसला, तो मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या ज्योतीमुळेच. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटर त्या सारख्या पुढे सरकवीत असे. तो जरा डुलकला की पडदा काळवंडे, नि पब्लिकच्या शिट्ट्या सुरू! उघड्यावर जळणारी, धूर करणारी ही ज्योत घरात किंवा खांबावर सांभाळणे कठीण. तिला काचेत कोंडायचे आणि कोळशाऐवजी एखाद्या वायूतून किंवा धातूच्या वाफेतून वीज न्यायची, हे पुढचे पाऊल होते. शास्त्रीय परिभाषेत अशा दिव्यांना विद्युत्-विसर्जनाचे दिवे म्हणतात. आपण सोयीसाठी वाफेचे दिवे म्हणू.

पण कोणत्या वाफेचा उजेड कोणत्या रंगाचा, हे आधी कळले पाहिजे. चुलीवरचे कालवण उतू गेले की जाळ एकदम पिवळा होतो, हे घरोघर पाहिलेले आहे. ती करामत मिठाची. मिठात सोडियम नावाचा धातू असतो आणि तापला की तो ठराविकच पिवळा प्रकाश टाकतो. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किर्खोफ यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाला स्वतःच्या अशा रंगीत रेषा असतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्याच त्या. या रेषांच्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात.

हे वर्णपटशास्त्र पुण्यातही आले, आणि तेही लवकर. मुळा-मुठेच्या संगमाजवळ जे सायन्स कॉलेज होते, तेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. तिथले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ साली तेथे वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली, म्हणून तिचे नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथली वीस इंची दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. तेव्हा नायगमवाला आपली उपकरणे व सहकारी घेऊन सोलापूरच्या वाटेवरील जेऊरला गेले आणि तिथे त्यांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. सूर्यावरच्या वाफांचा रंग वाचणारे शास्त्र आणि खांबावरच्या दिव्यातील वाफांचा रंग वाचणारे शास्त्र एकच आहे. पुढच्या साऱ्या दिव्यांची गुरुकिल्ली तीच.

पहिला मान पाऱ्याला मिळाला. १९०१ साली अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट याने पाऱ्याच्या वाफेचा दिवा केला. उजेड भरपूर, पण निळा-हिरवा. त्यात तांबड्या रंगाचा मागमूस नव्हता. त्यामुळे त्याखाली बसलेल्या माणसाचे ओठ काळेनिळे दिसत. धडधाकट गडी रोगी वाटे. कारखान्यात तो चालला, दिवाणखान्यात चालेना. १९३० नंतरच्या दशकात पाऱ्याची वाफ छोट्या नळीत अधिक दाबाखाली कोंडण्याची युक्ती साधली आणि रस्त्यावरचा मर्क्युरी दिवा जन्मास आला. पुढे त्याच्या बाहेरच्या काचेला आतून पांढरा लेप देऊ लागले. त्या लेपाने थोडी तांबडी छटा आली आणि माणसाचे तोंड माणसासारखे दिसू लागले.

या दिव्याची रचना समजली की बाकीच्या भावंडांची समजते. बाहेर मोठी काच, आत बोटाएवढी स्फटिकाची नळी, नळीत थोडा वायू आणि पाऱ्याचा थेंब. वीज दिली की प्रथम वायू पेटतो, त्याच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते आणि चार-पाच मिनिटांत दिवा भरात येतो. वाफेचा स्वभाव मात्र मोठा अवखळ. एकदा तिच्यातून वीज वाहू लागली की ती वाढतच जाते, आणि आवरले नाही तर दिवा फुटेल किंवा फ्यूज उडेल. म्हणून तिला वेसण घालावी लागते. ही वेसण म्हणजे चोक. लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला तो जड डबा फालतू नव्हे. वाफेच्या प्रत्येक दिव्याला त्याच्याच वॅटचा व त्याच्याच जातीचा चोक लागतो. चोक स्वतःही थोडी वीज खातो; ढोबळ मानाने दिव्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. हिशेबात ती धरायला विसरू नये.

वीज जाऊन लगेच आली तर घरातले दिवे तत्काळ लागतात, पण खांबावरचा दिवा काळाच राहतो. हे पाहून “वायरमनने नुसते येऊन जायचे काम केले” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात वायरमनचा दोष नाही. नळी तापलेली, वाफेचा दाब वाढलेला. अशा दाट वाफेतून वीज लगेच वाट काढू शकत नाही. नळी निवेपर्यंत थांबणे आले. सोडियमला मिनिटभर पुरते, मर्क्युरीला काही मिनिटे लागतात, आणि मेटल हॅलाइड नावाच्या दिव्याला दहा-पंधरा मिनिटेही लागतात. म्हणून जिथे अंधार क्षणभरही परवडत नाही, उदाहरणार्थ दवाखान्यात, तिथे केवळ अशा दिव्यांवर विसंबू नये.

पाऱ्यानंतर आले सोडियम, म्हणजे मिठातला तोच धातू. १९३२ साली हॉलंडमधल्या एका रस्त्यावर कमी दाबाच्या सोडियमचे दिवे लागले. काटकसरीत या दिव्याला तोड नव्हती. पुढे पुढे तर तो वॅटमागे दीडशेच्या वर ल्युमेन देऊ लागला. पण प्रकाश एकाच पिवळ्या रंगाचा. त्याखाली तांबडे लुगडे नि हिरवे लुगडे सारखेच, मातकट! दाब वाढवला तर रंग सुधारतील, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. अडचण अशी की तापलेले सोडियम काच आणि स्फटिक दोन्ही खाऊन टाकते. ती अडचण कुंभारकामाने सोडवली म्हणा ना! अमेरिकेत रॉबर्ट कोबल याने १९५० नंतरच्या दशकात ॲल्युमिनाची भुकटी भाजून अशी नळी केली, की तिच्यातून प्रकाश पार होतो आणि सोडियम तिचे काही बिघडवू शकत नाही. त्या जोरावर १९६५ च्या सुमारास जास्त दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला. आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षे जो सोनेरी-नारिंगी उजेड पडत असे, तो याचाच. याला पेटवायला चोकाबरोबर इग्नायटर लागतो. तो काही हजार व्होल्टांचा झटका देऊन वाफेची वाट मोकळी करतो.

तिसरे भावंड हे वर सांगितलेले मेटल हॅलाइड. पाऱ्याच्या वाफेत इतर धातूंचे क्षार मिसळले तर उणे असलेले रंग भरून निघतील, ही कल्पना चार्ल्स स्टाइनमेट्झ याने १९१२ सालीच मांडली होती. ती कामाला येण्यास १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. याचा उजेड पांढरा, रंग खरे दाखवणारा. म्हणून खेळाची मैदाने, मोठी दुकाने, चित्रीकरण यांनी तो उचलला. सिनेमाच्या मशीनमधल्या कार्बनच्या जागी झेनॉन वायूचा दिवा आला, तोही याच कुळातला.

आता ती अक्षरे पुन्हा वाचू. सरकारी कागदांत एचपीएमव्ही असे लिहिलेले असते, तो मर्क्युरी. एचपीएसव्ही म्हणजे सोडियम. ई २७ ही आपल्या नेहमीच्या आट्यांच्या टोपीची, ई ४० ही मोठ्या टोपीची खूण. आकडा टोपीची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ‘के’ म्हणजे केल्विन, प्रकाशाच्या रंगाचे माप. २००० के म्हणजे पणतीसारखा पिवळा, ४००० के म्हणजे पांढरा, ६००० के च्या पुढे निळसर. इथे एक गोम आहे. आकडा लहान तेवढा उजेड उबदार, आणि मोठा तेवढा गार. आपल्या बोलण्याच्या अगदी उलट. आणखी एक माप रंग खरे दिसण्याचे. त्यात पैकीच्या पैकी गुण शंभर. जास्त दाबाच्या सोडियमला त्यात वीस-पंचवीसच पडतात, लेप दिलेल्या मर्क्युरीला पन्नासाच्या आतबाहेर, तर चांगल्या मेटल हॅलाइडला ऐंशीच्या वर. रस्त्याला सोडियम चालून जाई. कापडाच्या दुकानाला, प्रयोगशाळेला तो चालायचा नाही.

मास्तरांनी मुलांकडून करवून घ्यावे असे एक गणित सांगतो. १२५ वॅटचा मर्क्युरी दिवा सुमारे ६००० ल्युमेन उजेड देतो. ७० वॅटचा सोडियम दिवाही तेवढाच देतो. गावात असे ४० दिवे आहेत आणि ते रात्री ११ तास जळतात असे धरा. मर्क्युरीला रोज ५५ युनिट वीज लागेल, सोडियमला ३०.८ युनिट. रोजचा फरक २४.२ युनिटांचा, वर्षाचा ८,८३३ युनिटांचा. चोकाचा खर्च तर धरलेलाच नाही. उजेड तोच, खांब तेच. फक्त अक्षरे वाचली एवढाच फरक. ‘किती वॅट?’ या एका प्रश्नाने हे कधीच कळले नसते. उलट १२५ चा दिवा ‘मोठा’ म्हणून तोच घेतला गेला असता.

थोडे सावधगिरीचे बोलतो. वाफेचा दिवा विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फिरणारे लेथ त्या उजेडात उभे असल्यासारखे वाटू शकते. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या गावात ही गोष्ट हाताच्या बोटांशी निगडित आहे. त्यावर उपाय म्हणजे शेजारशेजारचे दिवे तीन निरनिराळ्या फेजवर जोडणे. दुसरे, सोडियम दिवा म्हातारा झाला की आपोआप विझतो, निवला की पुन्हा लागतो, पुन्हा विझतो. वेशीवरच्या दिव्याचा हा खेळ भुताखेताचा नव्हे. दिवा बदला, असे तो सांगत असतो. तिसरे, मर्क्युरीची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहू शकते. तिचे अतिनील किरण डोळे व कातडी भाजतात. असा दिवा तत्काळ बंद करावा.

आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे. या दिव्यांत पारा असतो. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीत उतरला आणि माणसे लुळी झाली. तो रोग १९५६ साली उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला, आणि रस्त्यावरच्या मर्क्युरी दिव्यांचे उत्पादन २०२० पर्यंत थांबवायचे त्यात ठरले. जुने दिवे मात्र पंचायतीच्या आणि शाळांच्या अडगळीत अजून पडलेले असतात. ते उकिरड्यावर फोडू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, विहिरीजवळ पुरू नयेत. पाऱ्याचे दिवे ई-कचरा नियमांत मोडतात. ते वेगळे ठेवून त्या कचऱ्याबरोबरच द्यावेत.

आता रस्त्यांवर एलईडी आला आहे. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने रस्त्यांवर एलईडी बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली, आणि पुण्यातही सोडियमचा सोनेरी उजेड मागे सरत गेला. एलईडीत वाफ नाही, पारा नाही, पेटायला वेळ लागत नाही, आणि वॅटमागे शंभरावर ल्युमेन सहज मिळतात. पण म्हणून अक्षरे वाचायचे काम संपलेले नाही. उलट बाजारात नाना तऱ्हेचे दिवे आल्याने ते वाढले आहे. ल्युमेन किती? केल्विन किती? रंगाला गुण किती? आयुष्य किती तासांचे? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पंचायतीने दराच्या कागदावर सही करू नये.

शिक्षकांना एक सुचवून मी संपवतो. एखादी जुनी सीडी घ्या आणि रात्री तिच्यात रस्त्यावरच्या दिव्याचे प्रतिबिंब तिरके धरून मुलांना दाखवा. एलईडीचे रंग एकमेकांत मिसळलेल्या सलग पट्ट्यासारखे दिसतील. कुठे सोडियमचा जुना दिवा उरला असेल तर त्याचा पट्टा तुटक दिसेल आणि पिवळ्याच्या ऐन मध्यावर काळी फट दिसेल. नायगमवाला जेऊरच्या माळावर जे शास्त्र घेऊन गेले, ते अशा रीतीने पाच रुपयांत शाळेच्या अंगणात येते. मग त्याच मुलांना मुळशीची हकीकत सांगा. वीज कुठून येते आणि तिच्यासाठी कोणी काय दिले, हे ज्याला ठाऊक आहे, तो दिवा घेताना अक्षरे वाचल्याखेरीज राहणार नाही.